उकलता येईल अशी कड

सरकारी विश्रामगृह, जिल्हा परिषदेची शाळा, एसटीचा डेपो, पोलीस लाइन. फाटकातून आत शिरलं की वाटेच्या दोन्ही अंगांना तिरप्या पुरलेल्या विटांची रांग दिसते, करवतीच्या दात्यांसारखी. एका विटेला गेरू, दुसरीला चुना. कुणी बडा साहेब येणार असला की आदल्या दिवशी दोन्ही रंगांचा हात फिरतो आणि झाडं असोत नसोत, बाग असल्याचा भास तयार होतो. वाट आणि वाफा यांच्यामधल्या या कडेची थट्टा पुष्कळ होते. पण तिच्यात अक्कल आहे. ४५ अंशांत कललेली प्रत्येक वीट पुढच्या विटेवर रेलते, म्हणून सांध्यात सिमेंट-वाळूचा माल लागत नाही. नऊ-चार-तीन इंची विटा मीटरला नऊ-दहा पुरतात. आणि एखादी फुटली तर गवंडी बोलवावा लागत नाही, माळ्याचं खुरपं पुरतं.

दोषही आहेतच. वर आलेलं टोक सगळ्यात आधी उडतं. दोन दात्यांमधल्या त्रिकोणात हरळी घुसते आणि तिथे ना गवत कापायचं यंत्र पोचतं ना विळा. नऊ इंची वीट तिरपी पुरली की जमिनीच्या पोटात जेमतेम १०-११ सेंटिमीटर जाते, म्हणजे हरळीच्या मुळ्यांना खालून मोकळं रान. तरीही शाळेपुढची ती कड वर्षानुवर्षं उभी असते, आणि बंगल्यापुढची सिमेंटच्या सांध्यांची, वरून टाइल लावलेली कड दोन पावसाळ्यांत तीन ठिकाणी तडकते. कारण कडेखालच्या मातीत आहे.

दख्खनच्या पठारावरची काळी माती स्वस्थ बसत नाही. तिच्यातल्या चिकणमातीचे कण पाणी पिऊन फुगतात आणि वाळले की आक्रसतात. मे महिन्यात तिला पडलेल्या भेगांत हात घातला तर कोपरापर्यंत जातो. जुलैत त्याच जागी भेगेची खूणही उरत नाही. वर्षातून एकदा वर, एकदा खाली, असं हे चालतं. घराचा पाया मुरमापर्यंत किंवा कातळापर्यंत नेलेला असतो म्हणून घर टिकतं. कडेला कुणी एवढा पाया देत नाही आणि देऊही नये. १० सेंटिमीटर रुंदीची, वीतभर खोल, सिमेंटने एकजीव केलेली पट्टी त्या हालचालीवर पसरली की एका जागी उचलली जाते, दुसऱ्या जागी खचते आणि मधे मोडते. एकास तीन, एकास चार असा कडक माल वापरला असेल तर भेग सांध्यातून न जाता थेट विटेतून जाते, कारण माल विटेपेक्षा वरचढ झालेला असतो. मग दुरुस्ती म्हणजे छिन्नी-हातोडा, आणि काढलेली एकही वीट पुन्हा वापरण्याजोगी निघत नाही. जुने वाडे पाडणाऱ्यांना हे पाठ असतं. चुन्यातली वीट थापीच्या दोन ठोक्यांत मोकळी होते, सिमेंटमधली स्वतः फुटते पण माल सोडत नाही.

म्हणून काळ्या मातीत टिकाऊ कड म्हणजे जी हलली तर अर्ध्या तासात उकलून पुन्हा बसवता येते ती. अशी कड बहुतेक वेळा स्वस्तही पडते. कोकणातला गडगा याच तत्त्वावर उभा असतो. दगडावर दगड, मधे माल नाही, पावसाचं पाणी फटींतून निघून जातं, कुठे ढासळलाच तर तेच दगड पुन्हा रचायचे.

सामान घेण्याआधी मात्र कड कशासाठी हवी ते ठरवावं, कारण बहुतेक पैसे तिथेच वाया जातात. वाफ्यातली माती आणि पालापाचोळा वाटेवर येऊ नये एवढंच हवं असेल तर जमिनीच्या वर ७-८ सेंटिमीटर पुरे, खाली किती हे गौण. हरळी अडवायची असेल तर उलट. तिचे धुमारे वरूनही सरपटतात आणि मुळ्या खालूनही. निदान १५ सेंटिमीटर खाली आणि ५ वर असा अडसर लागतो, सांधे घट्ट लागतात, आणि तरीही दर पंधरा दिवसांनी पलीकडे झेपावलेले धुमारे कापावे लागतात. लव्हाळ्याचं नावच काढू नका. त्याच्या गाठी याहून खोलही जातात आणि कोंबाचं टोक प्लास्टिकचा कागद भोसकून वर येतं. कडेने लव्हाळा थांबेल असं कुणी सांगितलं तर त्याने लव्हाळा पाहिलेला नाही. तिसरं काम हिरवळीचं. गवत कापताना यंत्राचं एक चाक टेकायला सपाट पट्टी हवी असते. तिथे उभी कड अडचणच करते, जमिनीसरशी आडवी बसवलेली वीट बरी.

आता वीट. काळ्या मातीच्या मुलखात माझा कौल तिलाच आहे, अट एकच की वीट पक्की हवी. भट्टीच्या कडेच्या, कमी भाजलेल्या, पिवळट विटा स्वस्त मिळतात आणि ‘बागेलाच तर लावायच्यात’ म्हणून गळ्यात मारल्या जातात. बागेची वीट तर वर्षभर ओल्या मातीत उभी असते. घराच्या भिंतीत ती निदान प्लास्टरआड असते. दोन विटा एकमेकींवर वाजवा, खणखणीत आवाज यायला हवा. नखाने ओरखडा उठता कामा नये. आणि एक वीट घरी नेऊन कोरडी तोला, २४ तास पाण्यात बुडवा, पुसून पुन्हा तोला. ३ किलोची वीट ३ किलो ६०० ग्रॅमच्या वर गेली तर ती नको. साध्या विटांसाठी भारतीय मानकाची मर्यादाही हीच, वजनाच्या २० टक्के. लोणा लागेल का हेही घरीच कळतं. ताटात इंचभर पावसाचं किंवा फिल्टरचं पाणी घेऊन त्यात वीट उभी करायची आणि पाणी शोषून सुकेपर्यंत ठेवायची. अंगावर पांढरी पूड जाड धरली तर बागेत दोन वर्षांत तिचे पापुद्रे निघणार. बोअरचं क्षारयुक्त पाणी घालत असाल तर ही परीक्षा टाळू नका.

उलट, भट्टीत जास्त भाजून काळपट, थोडी वाकडी झालेली खंगर वीट भिंतीला चालत नाही म्हणून बाजूला टाकलेली असते. कडेसाठी तिच्यासारखी वीट नाही. पाणी कमी पिते, वाजते घंटेसारखी. वाकडेपणा मातीत लपतो, आणि उरलेला दिसला तरी बागेत शोभतो. वाडा पाडतात तिथल्या चुन्यातल्या जुन्या विटा मिळाल्या तर त्याही घ्याव्यात, वरचा चुना खरवडून. राखेच्या विटा मापाला नेमक्या असतात, पण कारखान्यागणिक दर्जा बदलतो. पाण्याची परीक्षा त्यांनाही लावावी. बांधकामावर उरलेले पांढरे एएसी, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटचे, ब्लॉक फुकट मिळतात म्हणून आणू नका. कोरडा ब्लॉक हौदात टाकला तर तरंगतो, इतका तो पोकळ. मातीत तो ओलावा धरून बसतो आणि कुदळीचा एक टोला बसला की त्याचा भुगा होतो.

दहा मीटर कडेचा हिशेब असा. वीट उभी, चार इंची तोंड कडेच्या रेषेत, तीन इंच जाडी आत. मीटरला १० विटा, एकूण १००. फुटतुटीच्या ५ आणि पुढे बदलायला राखणीतल्या ५ धरून ११० मागवा. भाव गावागणिक आणि हंगामागणिक बदलतात, म्हणून घासाघीस करण्याआधी नग पक्के मोजावेत. मुरूम सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांनी आठ, दगडाची कच दोन पोती. माल नाही, म्हणून सिमेंट नाही, वाळू नाही.

सरळ रेषेला दोन खुंट्या आणि सुतळी. वळण हवं असेल तर पाण्याची नळी तासभर उन्हात ठेवा, मऊ झाली की मनाजोगती पसरा, चार पावलं मागे जाऊन बघा, मग तिच्या कडेने फक्की मारा. वळण जितकं आवळाल तितके सांधे फाकतात. एक मीटर त्रिज्येच्या गोलाला उभी वीट बाहेरच्या बाजूने ७-८ मिलिमीटर फाकते, ते कचीने भरून निघतं. तीच वीट लांबीने आडवी लावली तर फट सव्वादोन सेंटिमीटरची होते, आणि हरळीला तेवढं निमंत्रण पुरेसं आहे.

चर १५ सेंटिमीटर रुंद आणि २२ ते २३ खोल. आतल्या बाजूची भिंत सरळ कापावी, बाहेरची थोडी सैल चालते. तळातली हरळीची पांढरी मुळं हाताने वेचून काढा. एक कांडं राहिलं तर ते तुमच्याच नव्या कडेच्या आधाराने वाढणार. ही वेचणी मजूर कधीच नीट करत नाही, आणि त्याला मजुरी खोदाईच्या मीटरवर ठरवलेली असल्याने त्याचाही दोष नाही. तळाशी मुरूम टाकून, पाणी शिंपडून, धुम्मसाने ठोकून ५ सेंटिमीटरचा थर पक्का करावा. पाणी शिंपडायचं, ओतायचं नाही. मूठ आवळली तर गोळा व्हावा आणि हातातून पाणी गळू नये, एवढीच ओल. त्यावर अडीच सेंटिमीटर कच; ती ठोकायची नाही, फळीने सारखी करायची, कारण विटांच्या उंचीतला बारीकसारीक फरक तिच्यातच जिरतो.

मग सुतळी वरच्या कडेच्या उंचीला ताणा आणि टोकाकडून एकेक वीट उभी करा. वीट ठेवली की लाकडी दांड्याने, नाहीतर हातोडीखाली फळी धरून, दोन हलके ठोके. लोखंडी हातोडी थेट मारली तर विटेचा कोपरा उडतो. दर पाच विटांनी मागे वळून बघा. हाताला सरळ वाटणारी रांग नजरेला वाकडी दिसते आणि लोकांना पुढे वर्षानुवर्षं तेच दिसणार असतं. १५ सेंटिमीटर मातीत, ८ वर. आता दोन्ही बाजूंना मुरूम भरायचा, पण एकदम नाही. ५ सेंटिमीटरचा थर आत, तेवढाच बाहेर, ठोका. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. आतून एकदम भरलं की सगळी रांग बाहेर झुकते. बहुतेक कडा बाहेर कललेल्या दिसतात त्याचं कारण हेच, आणि दोष मात्र पावसावर जातो. शेवटी कोरडी कच वर टाकून झाडूने सांध्यांत सारायची, झारीने पाणी द्यायचं, कच खाली बसली की पुन्हा सारायची. वाफ्यातली माती कडेच्या माथ्यापासून चार-पाच सेंटिमीटर खालीच थांबवावी. काठोकाठ भरली तर पहिल्या सरीत ती वाटेवर येते आणि कडेचं कामच संपतं.

जिथे मोटारीचं चाक चुकून चढतं, किंवा वाफा वाटेपेक्षा फूटभर उंच आहे, तिथे मात्र नुसत्या मुरमावर भागत नाही. तिथे विटेच्या पाठीला जमिनीखालून काँक्रीटचा तिरपा आधार द्यावा, सांध्यांत माल न भरता. संपूर्ण काँक्रीटचीच कड ओतायची असेल तर १० सेंटिमीटर रुंद, १५ उंच पट्टीला एकास दोनास चारच्या (सिमेंट, वाळू, खडी) मिश्रणात दहा मीटरला साधारण एक गोणी सिमेंट लागतं. ओतल्यावर ती ओली असतानाच दर मीटरला थापीने एक तृतीयांश खोल चीर पाडा. भेग पडणारच आहे, ती कुठे पडावी एवढं आपल्या हातात असतं. आठवडाभर पाणी मारा. बागेतली कड म्हणजे किरकोळ काम, असं समजून पाणी मारायचंच राहून जातं आणि वरचा थर पुढे नखाने निघतो.

दगड. पुण्या-साताऱ्याकडे घराचा पाया खणताना निघालेला काळा दगड दारातच पडलेला असतो. तो उचलून न्यायला पैसे मोजतात आणि मग विकतची कड आणतात. वीतभर मापाचे दगड निवडावेत, मोठं तोंड खाली, निम्म्याहून थोडा कमी दगड मातीत. तो हलत नाही, झिजत नाही. फक्त फटी वेड्यावाकड्या, म्हणून हरळीपुढे हा हरतो. झुडपांच्या वाफ्याला उत्तम. कोकणात अर्थातच जांभा. खाणीतून काढल्यावर तो कुऱ्हाडीने तासता येतो आणि हवा लागेल तसा कठीण होत जातो. फ्रान्सिस बुकानन यांनी मलबारात हा दगड पाहिला आणि १८०७ सालच्या आपल्या प्रवासवर्णनात त्याला ‘लॅटेराइट’ नाव दिलं, ते लॅटिनमधल्या विटेसाठीच्या शब्दावरून. कोकणातली तांबडी माती काळीसारखी फुगत नाही, म्हणून जांभ्याचा चिरा नुसत्या कचीच्या गादीवर ठेवला तरी जागचा हलत नाही. तिथलं दुखणं पाण्याचं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस जिथे पडतो तिथे सलग कड म्हणजे धरण. दर दीड मीटरला बोटभर फट सोडा किंवा एक इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा उताराकडे तोंड करून घाला, नाहीतर आषाढात वाफ्यातली हळद कुजते.

शहाबादी किंवा कडाप्पाच्या पट्ट्या फरशीवाल्याकडे कापून उरलेल्या असतात, मागितल्या तर स्वस्तात देतो. त्या उभ्या पुरून दिसायला नीटस कड होते. शहाबादी थरांचा दगड आहे, उभी केली की थरांच्या कडा आभाळाकडे होतात, पाणी त्यांतून शिरतं आणि काही वर्षांनी पदर सुटू लागतात. निम्मी पट्टी जमिनीत असेल तरच ती उभी राहते. मुलांचा चेंडू हे तिचं खरं मरण. जुनी मंगलोरी कौलंही अशीच. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळूरला पहिला कारखाना काढला आणि पुढे ही कौलं कोकणभर पसरली. आता पत्रे चढले, कौलं परसात रचून पडलीत. एकात एक अडकतात, वळणावर सुरेख दिसतात, पण पाय पडला की गेलं.

प्लास्टिकची गुंडाळी ऑनलाइन मिळते आणि फोटोत फार सोपी दिसते. काळा रंग घ्यावा, त्यातली काजळी उन्हापासून प्लास्टिकला वाचवते. हिरवी आणि तपकिरी लवकर ठिसूळ होते. प्लास्टिक उन्हात वाढतं. दहा मीटरची पट्टी पहाटेच्या गारव्यात बसवली तर भर दुपारी चार-पाच सेंटिमीटर लांब होते आणि ती लांबी कुठेतरी जायलाच हवी, म्हणून सापासारखी वळवळते. दुपारी उन्हात तासभर पसरून, तापलेली असतानाच ताणून बसवा. सोबतच्या प्लास्टिकच्या खुंट्या मुरमात वाकतात. त्यांच्याऐवजी ८ मिलिमीटर सळईचे फूटभर तुकडे ठोका.

लोखंडी पट्टी महाग, पण हरळीपुढे तिच्यासारखी दुसरी नाही, कारण सहा मीटरमागे एकच सांधा. १०० मिलिमीटर रुंद, ५ जाड पट्टी मीटरला जवळजवळ ४ किलो भरते. वजनावर विकतात, म्हणून दुकानात जाण्याआधी गुणाकार करून जावं. १५ सेंटिमीटर खाली जायचं तर दीडशेची पट्टीही अपुरीच, दोनशेची घ्यावी लागते आणि वजन दुप्पट होतं. वरची धार ग्राइंडरने गोल करून घ्या, घरात अनवाणी पोरं असतातच. समुद्राकाठी मात्र हा विचार सोडून द्यावा. बांबू सुंदर दिसतो आणि मातीत एक-दोन पावसाळे टिकतो, वाळवी असेल तर तेवढाही नाही. टायर नको, त्यात साचलेलं पाणी डेंग्यूच्या डासाचं आवडतं घर आहे.

उतारावर सगळ्यात स्वस्त कड वाळ्याची. दहा-पंधरा सेंटिमीटरवर एकेक ठोंब, एका ओळीत, पावसाच्या तोंडाला. मुळं सरळ खाली जातात, दोन-तीन मीटरपर्यंत, आणि बाजूला पसरून वाफा खात नाहीत. वर्षभरात ओळ मिटते आणि वरून वाहून येणारी माती तिच्यामागे थांबते. सपाट जागी पावसाळी लिलीचे कांदे चार-चार बोटांवर लावले की तेच काम होतं, फुलं वेगळी.

झाडाच्या आळ्याभोवती कड घालताना हात आखडता घ्यावा. बुंध्याला लागून गोल केला आणि आत माती चढवली की साल कुजायला लागते. अंगठ्याहून जाड मूळ आडवं आलं तर ते तोडू नका, तेवढ्यापुरती कड वर उचला, एक वीट अर्धी करून बसवा. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ साली दिल्लीतल्या झाडांभोवतालचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला लावलं होतं. घरच्या अंगणातही तेवढं अंतर धरून चालावं.

हे सगळं काम दसरा-दिवाळीच्या सुमारास काढावं. माती तेव्हा ओलसर असते, कुदळ चालते, आणि ती पुरती फुगलेलीही नसते, पुरती आक्रसलेलीही नसते. मे महिन्यात भेगाळलेल्या जमिनीत मुरूम ठासून भरला की जूनमध्ये फुगणाऱ्या मातीला जागाच उरत नाही आणि ती कडेला बाहेर ढकलते. पहिल्या पावसाळ्यानंतर एकदा कडेवरून चालत जा, प्रत्येक विटेला पायाने हलकेच ढकला. दहा मीटरमध्ये चार-पाच विटा डुगडुगतील. त्या उपसा, खाली मूठभर कच टाका, परत बसवा. नळाजवळच्या हमखास खचलेल्या असतात. तिथे कच वाहून जाते, म्हणून जाडसर खडी घाला.

राखणीतल्या त्या पाच विटा माळ्यावर किंवा जिन्याखाली ठेवू नका. कुंपणाजवळ उघड्यावर, पावसात असू द्या. चार वर्षांनी एखादी बदलायची वेळ येईल तेव्हा तिच्यावरही तेवढंच शेवाळ आणि तेवढाच काळपटपणा चढलेला असेल, आणि कोणती वीट नवी ते ओळखू येणार नाही.